चिठ्ठ्यांचा डबा : वयात येणारी आपली मुले काय विचारतात?

सडक अर्जुनी तालुक्यातील एका गावच्या विहारात आम्ही रविवारी सकाळी आठवी ते बारावीच्या मुलामुलींची बैठक घेतो. त्रिसरण-पंचशील झाले की मधोमध बिस्किटाचा एक रिकामा डबा ठेवतो. त्याच्या झाकणाला फट पाडलेली आहे. नाव न लिहिता कोणीही चिठ्ठी टाकायची आणि अक्षर ओळखू येईल अशी भीती वाटली तर डाव्या हाताने लिहायची, एवढाच नियम. पहिल्या रविवारी तीन चिठ्ठ्या निघाल्या. दोन कोऱ्या होत्या, तिसरीवर ‘जय भीम’ लिहिले होते. चौथ्या रविवारी 19 निघाल्या.

त्या 19 चिठ्ठ्या मी घरी आणून फरशीवर मांडल्या. “रात्री झोप येत नाही, सकाळी उठवत नाही. मी आळशी आहे का?” “मला आरशात पाहावंसं वाटत नाही.” “शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचतात तेव्हा जमिनीत जावंसं वाटते.” “खर्रा सुटत नाही. बाबा पण खातात.” “मले सिकल आहे. माझं लग्न होईल का?” “ती मला आवडते, पण ती आपल्यातली नाही.” “घरातून पळून जावं वाटते.” एका चिठ्ठीवर काहीच लिहिलेले नव्हते, फक्त पेन घासून घासून काळा केलेला एक चौकोन होता.

गेली दहा-बारा वर्षे मी जिल्ह्यातल्या कार्यक्रमांना जाते, भाषणे ऐकते आणि स्वतःही करते. 14 एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, 6 डिसेंबरला आपण मुलांना सांगतो : शिका, 18 तास अभ्यास करा, बाबासाहेबांसारखे व्हा. त्यात चूक काही नाही. पण या चिठ्ठ्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या भाषणांत नव्हते. आपल्याच शरीरात आणि मनात काय चालले आहे हे ज्या मुलाला कळत नाही, त्याच्यापर्यंत आपले भाषण पोहोचत नाही. तो टाळ्या वाजवतो आणि घरी जातो.

या चिठ्ठ्यांना आम्ही काय उत्तरे दिली, ते इथे लिहीत आहे. गावोगावच्या विहारांत मुलांसोबत काम करणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे. ओळख पटेल अशा खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

बांधीत पाणी आधी, धुरे नंतर

जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 वर्षे या वयाला किशोरावस्था म्हणते. मुलींमध्ये शरीरातील बदल साधारण 8 ते 13 या वयात सुरू होतात, मुलांमध्ये 9 ते 14 मध्ये. म्हणजे एकाच वर्गात, एकाच बाकावर, एक मुलगी पूर्ण वाढलेली आणि तिची मैत्रीण अजून लहान दिसते. दोघींनाही वाटते की आपलेच काहीतरी चुकले आहे. मुलांचेही तसेच. आवाज फुटतो, मिसरूड येते, कोणाला आधी, कोणाला उशिरा. रात्री झोपेत वीर्यपात होतो आणि मुलगा सकाळी गुपचूप चादर धुतो, कारण ‘धातू गेला की कमजोरी येते’ हे त्याने पानठेल्यावर ऐकलेले असते. त्याने कमजोरी येत नाही, तो आजार नाही. हे एक वाक्य एखाद्या जाणत्या माणसाने वेळेत सांगितले असते, तर भिंतीवर जाहिराती करणाऱ्या बाबा-वैद्यांचे दुकान चालले नसते.

पण जास्त समजून घेण्यासारखी गोष्ट मेंदूची आहे. भावना, उत्साह, बक्षिसाची ओढ, धोका पत्करण्याची खुमखुमी हे सांभाळणारे मेंदूचे भाग या वयात आधी जोरात कामाला लागतात. थांबून विचार करणे, परिणाम तोलणे, रागाला आवर घालणे हे काम कपाळामागच्या भागाचे. तो भाग पूर्ण तयार व्हायला विशीचा मध्य उजाडतो. मुलांना मी हे धानाच्या भाषेत सांगते. इटियाडोहच्या नहराचे पाणी बांधीत येऊन ठेपले आहे आणि धुरे अजून बांधून झालेले नाहीत. पाणी इकडून तिकडे फुटणारच. त्यात पाण्याचा दोष नाही, बांधीचाही नाही. धुरे घालायला वेळ लागतो, आणि तोवर कोणीतरी मोठ्याने फावडे घेऊन बांधीवर उभे राहायचे असते.

म्हणून दहावीतला मुलगा दुपारी शहाण्यासारखे बोलतो आणि संध्याकाळी मित्रांसमोर तीनजणांना बसवून गाडी भरधाव नेतो. त्याला धोका माहीत असतो. मित्र बघत असले की त्याच्या मेंदूत धोक्यापेक्षा शाबासकीचे वजन वाढते. “इतका मोठा झाला तरी अक्कल नाही” हे वाक्य आपण सहज बोलून जातो, पण तो अजून मोठा होतो आहे.

झोपेच्या चिठ्ठीचे उत्तरही शरीरातच आहे. झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात रात्री उशिरा स्रवू लागते. त्यामुळे मुलाला दहाला झोप येत नाही आणि पहाटे पाचला उठवत नाही. त्याला आठ ते दहा तास झोप लागते, आणि मोबाईल उशाशी असला की ती आणखी पुढे सरकते. मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा, दुसरी खोली नसेल तर आईच्या उशाशी ठेवा, हा उपाय साधा आहे आणि लागू पडतो. पण मूल आळशी आहे हा निकाल मागे घ्यावा लागेल.

इथे पालक हमखास बाबासाहेबांच्या अभ्यासाचा दाखला देतात. चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिलेला प्रसंग नीट वाचावा. मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळे कुटुंब. सुभेदार रामजी मुलाला आधी लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत आणि मग त्याला अभ्यासाला उठवून आपण झोपत. मुलाची झोप व्हावी म्हणून बाप जागत होता, हा अर्धा भाग आपण सांगताना गाळतो.

आरसा कोणाच्या हातात?

“आरशात पाहावंसं वाटत नाही” ही चिठ्ठी मुरुमांबद्दल असेल, रंगाबद्दल असेल, वजनाबद्दल असेल. कोणाची ते मला माहीत नाही. पण एम.ए.ला असताना वाचलेला एक विचार मला तिच्यामुळे आठवला. चार्ल्स कूली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1902 मध्ये मांडले की माणूस स्वतःला दुसऱ्यांच्या आरशात पाहतो. मी त्यांना कसा दिसतो, ते माझ्याबद्दल काय ठरवतात, आणि ते कल्पून मला अभिमान वाटतो की लाज, यातून माझी ‘मी’ची कल्पना घडते. परीक्षेसाठी ते पाठ केले होते. त्याचा अर्थ कळला तो खूप नंतर, शिष्यवृत्तीच्या चिठ्ठीपाशी.

बारा-तेराव्या वर्षापर्यंत मुलाचा आरसा म्हणजे आईबाप. त्यानंतर आरसे वाढतात. वर्ग, मित्र, शिक्षक, रील, गावातला चौक. सवर्ण घरातल्या मुलालाही या वयात हा गोंधळ होतोच. आपल्या मुलाच्या आरशावर मात्र जातीची एक चीर आधीच असते. आडनाव विचारले जाते. ‘तुमचे बरे आहे, तुम्हाला सगळे फुकट’ हे मित्र हसत हसत म्हणतो. यादी मोठ्याने वाचली जाते आणि चाळीस डोळे वळतात. मूल ते घरी सांगत नाही. ते हळूहळू मागच्या बाकावर बसू लागते, नाहीतर उगाच भांडू लागते. शाळा म्हणते शिस्त नाही, घर म्हणते संगत बिघडली.

त्या मुलाला ‘लाज कशाला वाटते, अभिमान बाळग’ असे सांगून भागत नाही. आम्ही त्या रविवारी शिष्यवृत्तीचा इतिहास सांगितला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासून सुरू आहे. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा म्हणून त्यांनी तिथे बसून भांडण केले होते. जो पैसा मागून, लढून, हक्क म्हणून घेतला, त्याची यादी आहे ती. एक मुलगी म्हणाली, “ताई, हे सरांनाच सांगा ना.” सांगितले. दोघी-तिघी पालकांना घेऊन आम्ही त्या शाळेत गेलो, मुख्याध्यापकांशी बोललो आणि यादी आता सूचना फलकाऐवजी कार्यालयात तपासली जाते. जिथे आरसाच खोटा आहे तिथे मुलाची समजूत काढत बसू नये, आरसा धरणाऱ्याशी बोलावे.

आपल्या परंपरेत एका मुलाला आरसा दाखवल्याची गोष्ट आहेच. मज्झिम निकायातील अंबलट्ठिका राहुलोवाद सुत्तात तथागत लहान राहुलाला विचारतात की आरसा कशासाठी असतो. पाहण्यासाठी, असे तो म्हणतो. मग ते सांगतात की कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर तशीच ती पाहून घ्यावी, यातून मला किंवा दुसऱ्याला दुःख होते का. भाब्रूच्या लेखात सम्राट अशोकाने भिक्खू-उपासकांना जे ग्रंथ ऐकण्याची शिफारस केली आहे त्यात राहुलाला केलेल्या या उपदेशाचा उल्लेख आहे. मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. खोटे बोलू नये हे सांगताना पाण्याचे भांडे हातात घेतले आहे, प्रश्न विचारले आहेत, मुलाला उत्तर देऊ दिले आहे. आणि आरसा शेवटी मुलाच्याच हातात दिला आहे.

अर्ध्या आण्याची गोष्ट

“पळून जावं वाटते” ही चिठ्ठी वाचल्यावर मी मुलांना कीरांच्या चरित्रातला आणखी एक प्रसंग सांगितला. हा प्रसंग आपल्या व्यासपीठांवर फारसा येत नाही, कदाचित तो सांगताना आपल्याला संकोच वाटतो म्हणून.

भीमराव लहान असतानाच आई भीमाबाई गेल्या. सांभाळ केला तो आत्या मीराबाईने. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले. आपल्या आईचे दागिने दुसऱ्या बाईच्या अंगावर पाहून मुलाला संताप आला. बापाच्या आधाराने जगायचेच नाही असे त्याने ठरवले. साताऱ्याची काही मुले मुंबईच्या गिरण्यांत कामाला जात असल्याचे त्याने ऐकले होते. तिकडे पळून जायचे तर भाड्याला पैसे हवेत. म्हणून आत्याच्या कमरेचा बटवा रात्री ती झोपलेली असताना काढून घ्यायचा बेत त्याने केला. काही रात्री जमले नाही. शेवटी बटवा हाती लागला तेव्हा त्यात अर्धा आणा निघाला. अर्ध्या आण्यात मुंबई गाठता येत नव्हती. त्या रात्रीच्या शरमेतून, उनाडक्या सोडायच्या आणि नेटाने अभ्यास करून स्वतःच्या पायावर उभे राहायचे, असे त्याने ठरवले.

मी हे सांगितले तेव्हा विहारात एवढी शांतता झाली की बाहेरच्या कोंबड्या ऐकू येत होत्या. मग एका मुलाने विचारले, “म्हणजे बाबासाहेबांनाही घरचा राग यायचा?” यायचा. त्यांनाही आई नव्हती, घर लहान होते, शाळेत वेगळे बसावे लागत होते आणि शाळा बुडवावीशी वाटत होती. फोटोतल्या कोटवाल्या माणसासारखे व्हा म्हटले की मुलाला स्वतःतले आणि त्यांच्यातले अंतर दिसते. बटवा चाचपणारा मुलगा मात्र त्याला आपल्या बाकावर बसलेला दिसतो.

त्या मुलाच्या पुढच्या आयुष्यात एक मोठा माणूस आला हेही सांगायला हवे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचत बसत. तिथेच पुस्तक घेऊन बसणारा हा विद्यार्थी त्यांनी पाहिला, स्वतःहून चौकशी केली, पुस्तके दिली. परीक्षा उत्तीर्ण झाल्याच्या सत्कार सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळावी म्हणून खटपट केली. आपण जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला भीमराव व्हायला सांगतो. बागेत थांबून चौकशी करणारे केळुसकर किती जण व्हायला तयार आहेत, हे मी कार्यकर्त्यांच्या बैठकीत विचारले तेव्हा तिथेही बरीच शांतता झाली होती.

सिकल : ज्याबद्दल घरात बोलत नाहीत

आता त्या चिठ्ठीकडे येते जी मला सर्वांत जास्त अस्वस्थ करून गेली. पूर्व विदर्भात, आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तरी घरात तो शब्द दबक्या आवाजात बोलला जातो.

वयात येणाऱ्या मुलाला याचे तीन-चार मुद्दे नीट कळले पाहिजेत. वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) यात फरक आहे. वाहक आजारी नसतो, तो इतरांसारखेच आयुष्य जगतो. आई आणि वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण मुक्त असण्याची चारात एक असते. एक वाहक आणि दुसरा मुक्त असेल तर मूल रुग्ण होत नाही. त्यामुळे ‘सिकल आहे का’ एवढे विचारून भागत नाही, दोघांचीही तपासणी हवी, आणि ती लग्न ठरण्याआधी हवी. सरकारी रुग्णालयात ती होते. 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली असून तिच्यात 40 वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी करायची आहे.

हा शाप नाही आणि कोणाच्या कर्माचे फळही नाही. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात शेकडो पिढ्या जगलेल्या लोकांमध्ये हा जनुक टिकून राहिला, कारण वाहक माणसाला तीव्र मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. आपले पूर्वज ज्या जागी तगून राहिले त्या जागेची ही खूण आहे.

ज्या मुलाला आजारच आहे, त्याची किशोरावस्था दुप्पट कठीण असते. त्याचे वयात येणे वर्ष-दोन वर्षे मागे पडू शकते. उंची कमी, दाढी उशिरा, पाळी उशिरा. डोळे पिवळे दिसतात म्हणून चिडवले जाते. सांधे ठणकतात तेव्हा शाळा बुडते आणि कवायतीच्या तासाला ‘नाटकं करते’ असे ऐकावे लागते. अंगातले पाणी कमी झाले, थंडी बाधली, ताप आला किंवा फार दमणूक झाली की वेदनेचा झटका येऊ शकतो. म्हणून पाण्याची बाटली सोबत, उन्हात पळणे नाही, ताप आला तर घरी न थांबता दवाखाना, आणि डॉक्टरांनी दिलेल्या फॉलिक अॅसिड, हायड्रॉक्सियुरियासारख्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी इतर मुलामुलींनी जेवणानंतर जरूर घ्यावी, सिकलच्या रुग्णाने मात्र डॉक्टरांना विचारूनच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. परीक्षेतील सवलतींसाठी प्रमाणपत्राचे काम दहावीच्या सुरुवातीलाच करावे, फेब्रुवारीत धावपळ करून उपयोग नसतो.

“माझं लग्न होईल का?” याला मी होईल किंवा नाही असे उत्तर दिले नाही. मी म्हटले की रुग्ण असलेली माणसे शिकतात, नोकरी करतात, लग्नही करतात. लपवून केलेले लग्न मात्र पुढे दुखते. चिठ्ठी कोणाची हे मी शोधले नाही. दोन रविवारनंतर एक मुलगी थांबली आणि तिने विचारले, तपासणीला सोबत याल का. ती चिठ्ठी तिचीच असेल असे नाही.

खर्रा, प्रेम आणि कायदा

खर्ऱ्याबद्दल थोडक्यात. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना आपल्या पोरांच्या खिशात सातवी-आठवीपासून असतो. अठराखालच्या मुलाला तंबाखू विकणे आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत विकणे हा 2003 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि दोन्ही रोज होते. आम्ही मुलांना भीतीचे फोटो दाखवत नाही. स्वतःच्या तोंडात तीन बोटे उभी घालून पाहायला सांगतो. बोटे जात नसतील तर तोंड आखडू लागले आहे, डॉक्टरांना दाखवायला हवे. सोडताना पहिले काही दिवस चिडचिड, डोके दुखणे, लक्ष न लागणे हे होते आणि ते ओसरते, हे आधी सांगितले की मूल घाबरून परत वळत नाही. 1800112356 ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. आणि ज्या कार्यकर्त्याच्या गालात खर्रा आहे त्याने व्यसनमुक्तीवर बोलू नये, हे मी लिहिले तर काही जणांना राग येईल. येऊ दे.

प्रेमाच्या चिठ्ठ्या सर्वांत जास्त येतात. आवडणे, ओढ वाटणे, झुरणे यात गैर काही नाही, हे आधी सांगावे लागते, कारण घरात ते पहिल्यांदा कानफटातच कळते. त्यानंतर कायदा स्पष्ट सांगावा. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराखालील व्यक्ती बालक आहे आणि लैंगिक संबंधाला तिची संमती कायदा मानत नाही. मुलगी सतरा वर्षांची आणि मुलगा एकोणीसचा असेल, दोघांच्या मनाने सगळे झाले असेल, तरी गुन्हा दाखल होतो. मुलगी गरोदर राहिली तर डॉक्टरांनाही पोलिसांना कळवावेच लागते. मुलगाही अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. आणि जात आडवी असली की तक्रार देणारे हात लवकर पुढे येतात. 2014 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे आपल्या एका 17 वर्षांच्या विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीतील मुलीशी बोलल्याच्या रागातून तो झाल्याचा आरोप होता. 2017 मध्ये सगळे आरोपी सुटले. आपले आईबाप मुलाच्या मोबाईलवर एखादे नाव पाहून का थरथरतात, त्यामागे ही भीती असते. मुलांना हे सांगितले की त्यांना बापाचा राग थोडा वेगळा दिसतो. पण आईबापांनीही मोबाईल फोडण्याऐवजी ही भीती शब्दांत सांगायला हवी.

मुलींच्या पाळीबद्दल, मुलांच्या शंकांबद्दल उघड बोलण्याची सुरुवात आपल्या शेजारीच झालेली आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरांतून खेड्यांतील हजारो मुलामुलींशी या विषयावर संवाद केला. शासनाचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमही 2014 पासून आहे. त्यात सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी वेगळा सल्ला कक्ष असतो, महाराष्ट्रात त्याला ‘मैत्री’ म्हणतात. हा शब्द आपल्याला नवा नाही. त्या खोलीपर्यंत आपल्या गावातले किती मूल गेले, ते विचारून पाहा.

काळा चौकोन

त्या काळ्या चौकोनाच्या चिठ्ठीला उत्तर देता येत नव्हते. म्हणून पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर एवढेच म्हटले की ज्याला शब्द सापडत नाहीत त्याने माझ्यासोबत तळ्यापर्यंत चालावे, बोलायची सक्ती नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात 1,764 महाराष्ट्रातील होते, सर्व राज्यांत सर्वाधिक. दहावीच्या निकालाच्या दिवशी आपण फक्त पेढेवाल्या घरी जातो. मी अकरावी विज्ञानात नापास झाले होते, त्या दिवशी आमच्या घरी कोणी आले नव्हते. राइस मिलमध्ये पोती उचलणारे माझे वडील रात्री जेवताना म्हणाले, “उद्या धान कापाले चाल माह्यासंग.” आठ दिवस कापले. मार्कांबद्दल त्यांनी एकदाही विचारले नाही. मग एका दुपारी मीच म्हणाले, मला कला शाखेत जायचे आहे.

मूल अचानक गप्प झाले, जेवण-झोप बदलली, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, ‘मी नसलो तर बरे’ असे बोलू लागले, तर स्पष्ट विचारावे : मरावेसे वाटते का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट दडपलेले बाहेर पडते. उत्तर हो आले तर उपदेश नको आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचनही नको. त्याला एकटे सोडायचे नाही, घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगायचे, जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यायचे. 14416 हा टेलिमानसचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते. मुलावर अत्याचार होत असेल तर 1098. आणि धानावर फवारायचे औषध घरात असेल तर ते कुलपात ठेवावे. बहुतेक वेळा तो एक क्षण टळला की मूल वाचते, म्हणून हे कुलूप महत्त्वाचे आहे.

ज्यांना असा डबा ठेवायचा आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. मोठी माणसे दोन असावीत, एक बाई आणि एक पुरुष. शरीराच्या प्रश्नांसाठी मुले-मुली वेगळे बसवावेत, बाकी वेळ एकत्र. चिठ्ठी वाचून हसायचे नाही आणि अक्षर ओळखायचे नाही. ज्याचे उत्तर येत नाही त्याला ‘पुढच्या रविवारी विचारून सांगते’ म्हणावे आणि खरेच सांगावे. पालकांची वेगळी बैठक महिन्यातून एकदा, तीही संध्याकाळी, कारण रोवणीच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत दिवसा कोणी घरी नसते. मुलाचे गुपित पालकांना सांगायचे नाही, जिवाला धोका किंवा अत्याचार असेल तेवढा अपवाद, आणि हा अपवाद मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावा.

काळ्या चौकोनवाले मूल कोण ते अजून कळलेले नाही. तळ्यापर्यंत आतापर्यंत चार जण चालले, त्यातल्या दोघांनी काहीच सांगितले नाही. दिवाळीनंतर मंडईचे दिवस संपले की शेजारच्या गावात दुसरा डबा ठेवायचा आहे. मुलांच्या गटासाठी एक पुरुष कार्यकर्ता हवा आहे. रविवारचे दोन तास देणारा, कमी बोलणारा आणि खर्रा न खाणारा असा कोणी असेल तर त्याने यावे.